दगडाखालचा डबा

चिंचवड, २ डिसेंबर २०२४

महिपत काका, नमस्कार. काकूंनाही.

पाकीट बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर तुम्ही 'बरं हाय, ठेवतो' याच्या पुढे जात नाही, आणि तेवढ्यासाठी रेंज शोधत पाण्याच्या टाकीपर्यंत चढून धाप लावून घेता. बाबांना मात्र तुम्ही छापखान्यातून चारचार पानं लिहायचात, ती मी वाचली आहेत. म्हणून म्हटलं, आपणही पत्रच लिहावं. किरण वडापची जीप घेऊन पोलादपूरला रोज जातोच, तो आणून देईल.

दिवाळीत आले होते तेव्हा तुम्हाला न सांगता एक उद्योग करून आले आहे. रागावू नका. माझी दवाखान्यातली मैत्रीण आहे, समीक्षा, तिने मला एका खेळाचं वेड लावलंय. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. एकाने कुठेतरी डबा लपवायचा आणि त्या जागेचे आकडे नेटवरच्या पानावर टाकायचे. दुसऱ्यांनी ते आकडे मोबाईलमध्ये घालून शोधत यायचं, डबा उघडायचा, आपली खूण करायची आणि होता तसा ठेवून परत जायचं. बक्षीस काही नाही. तुम्ही म्हणाल, रिकामटेकडे आहात. आहोतच.

तर मीही एक डबा ठेवलाय. ओढ्यापासून वर येताना जांभळीच्या वळणावर तो मोठा सपाट दगड आहे ना, त्याच्या खालच्या कपारीत. बाबा एसटीतली कंडक्टरची ड्यूटी संपवून मला घेऊन वर यायचे तेव्हा नेहमी त्याच दगडावर बसवायचे, पिशवी खाली ठेवायचे आणि खिशातून लिमलेटची गोळी काढायचे. गोळी संपेपर्यंत बसायचं, मग पुढे. डब्यात मी बाबांचा चिमटा ठेवलाय, तिकिटाला भोक पाडायचा. मशीन आल्यावर घरी येऊन पडला होता तो. येणाऱ्याने कागदाच्या तुकड्याला भोक पाडून घ्यायचं आणि तेच तिकीट म्हणून घेऊन जायचं.

खरं सांगू का? बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, आई तर त्याआधीच गेली. तेव्हापासून करंजमाचीला यायला मला निमित्त शोधावं लागतं. घर, शेत तुम्ही सांभाळता, ते बरोबरच आहे, मला त्यातलं काही नको. पण तिथे माझं म्हणून काहीतरी असावं असं फार वाटतं. आता तो डबा आहे. लोक आले तर त्यांना पाणीबिणी विचारा.

तुमची,
माधुरी

———

करंजमाची, २० डिसेंबर

माधुरी पोरी,

तुझं पत्र किरणने परवा दिलं. तुझी काकू म्हणाली, मोठ्याने वाचा. वाचलं. डबा, आकडे, मोबाईल ऐकून ती म्हणाली, "म्हंजी लपवायचं पन त्यांनीच नि हुडकायचं पन त्यांनीच? येवढाच येळ हाय तर हितं येऊन नाचणी झोडा म्हणावं." मी तिला म्हटलं, तुला नाय कळायचं ते. मला तरी कुठे कळलंय!

तुझे पहिले पाहुणे तुझ्या पत्राच्या आधीच येऊन गेले. बारा तारखेला. दोघं जण, पुण्याकडचे वाटले, सभ्य होती पोरं. गाडी लहान, शहरातली. ओढ्यात पाणी टाचेएवढं म्हणून त्यांनी सरळ आत घातली आणि मागची चाकं वाळूत बसली. जेवढं पळवलं तेवढी आणखी रुतली. मग गाडी तिथेच सोडून ती पायी वर आली. आम्ही वाडीतले आठ-दहा जण दुपारी खालीच होतो, नदीवर आंघोळी करून येत होतो, ओल्या कपड्यांनीच गाडीला खांदा लावला. मोरूने चाकाखाली पळसाच्या फांद्या घातल्या तेव्हा कुठे निघाली. जाताना ती पोरं सगळ्यांच्या पाया पडून गेली.

जागा मात्र तू दुसरी बघितली असतीस तर बरं झालं असतं. त्या दगडावर दुपारचं ऊन फार येतं. आणि माकडांचा उपद्रवही वाढलाय. आपल्या पडवीत ठेवला असता तर काकूने चहा तरी दिला असता. विचार कर.

चिमाबाई तुझी आठवण काढते. तिचे दीर धोंडूभाऊ वारले. वय झालं होतं, त्रास झाला नाही.

तब्येतीला जप. एक्स-रेच्या खोलीत फार वेळ थांबू नकोस.

तुझा काका,
महिपत

———

चिंचवड, ११ जानेवारी २०२५

काका,

धोंडूभाऊ गेले हे वाचून वाईट वाटलं. लहानपणी मला कैऱ्या पाडून द्यायचे ते. चिमाबाईंना माझा नमस्कार सांगा.

आता भांडण. ऊन कसलं, काका? वर अख्खी जांभूळ आहे! माझ्या लहानपणापासून त्या दगडावर सावलीच असते. आणि सगळी वाडी एकदम, भर डिसेंबरात नदीवर आंघोळीला? घरची पाण्याची लाईन बंद होती की काय?

दुसरं म्हणजे, त्या पहिल्या पाहुण्यांनी पानावर काय लिहिलंय बघा : 'डबा मिळाला. करंजमाचीच्या माणसांना नमस्कार. जास्त लिहीत नाही.' बस. फोटो नाही, काही नाही. एरवी हे लोक डब्यावर बसलेल्या मुंगळ्याचेही फोटो टाकतात. त्यांना कुणी काही बोललं का? बोललं असेल तर मला सांगा.

आणि गेल्या रविवारी दुसरे तिघं आले होते. त्यांनी लिहिलंय, 'दगडाखाली काही नाही. टोपीवाल्या आजोबांनी सांगितलं की डबा वर पाण्याच्या टाकीपाशी हलवलाय. गाडी वर नेली, रस्ता मध्येच संपला. डबा मिळाला, पण त्यात चिमटा नव्हता.'

टोपीवाले आजोबा करंजमाचीत किती आहेत ते मला माहीत आहे. काका, असं का केलंत? चिडले नाहीये, पण विचारायचं तरी होतं. तो टाकीपाशी असून मला काय करायचंय? टाकीपाशी बाबा कधी बसले होते?

डबा परत दगडाखाली ठेवा. चिमटाही.

माधुरी

———

करंजमाची, २ फेब्रुवारी

माधुरी,

टोपीवाला आजोबा मीच. माकडांमुळे हलवला. लाल डबा बघून ती ओढतात, चिमटा दरीत गेला असता. तो काढून मी घरी कोनाड्यात ठेवलाय, तेल घातलंय, काळजी करू नकोस. टाकीपाशी अशासाठी की तुझ्या माणसांना मोबाईलला रेंज लागते असं किरण म्हणाला. रेंज तिथेच आहे. म्हटलं, त्यांची सोय होईल.

सोय कसली, त्या टाकीच्या रस्त्याने तुझ्या माणसांचं वाटोळंच केलं. टाकी बांधताना जेसीबीने नुसती डोंगराची साल काढली होती, पुढे खडी नाही, डांबर नाही. आम्हाला तो रस्ता वाटतच नाही, पण त्यांच्या मोबाईलात तो रस्ता म्हणून दाखवतो. तुझे ते तिघं मोठ्या गाडीने गेले. चढावर आहे तो काळा कातळ, त्याच्यावर गाडीचं पोट बसलं. खाली इंजिनाला तेलाचं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात म्हणे, ते फुटलं. काळं तेल पार मोरूच्या वरईच्या शेतापर्यंत आलं. मोरूने दोन बैल जुंपून गाडी खाली आणली. बैलांनी आधी नकारच दिला. नांगर माहीत, बैलगाडी माहीत, पण अशी चकचकीत वस्तू त्यांनी कधी ओढली नव्हती. त्यातल्या एका पोराने विचारलं, "काका, बैलांना काही देऊ का?" मोरू म्हणाला, "त्यांना काय देताय, रस्ता द्या." सगळे हसले. चिमाबाईने ताक दिलं.

त्यानंतर एक नवराबायको आली. गाडी मागे घेताना त्यांचं चाक रस्त्याच्या कडेबाहेर लोंबकळायला लागलं. बाई उतरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ती पण ताक पिऊन गेली.

तुला खोटं कशाला सांगू, माणसं आली की बरं वाटतं. वाडीत आता सगळी मिळून किती डोकी उरली आहेत! पोरं मुंबईला. पण डबा दगडाखाली नको. माझं ऐक.

काका

———

चिंचवड, ९ मार्च

काका,

हे पत्र रागात लिहितेय. उद्यापर्यंत थांबले तर लिहिणारच नाही, म्हणून आजच.

काल समीक्षा एकटी स्कूटरवरून तिकडे आली होती. मला सांगितलंही नव्हतं, मला गंमत म्हणून बाबांच्या डब्यातलं तिकीट आणणार होती. तुम्ही तिला टाकीचा रस्ता दाखवलात. मुरमावर स्कूटर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. किरणने तिला महाडला नेलं, त्याचे उपकार आहेत. आज इथे मीच तिचा एक्स-रे काढला. हाड कसं तुटलंय ते मी मशीनवर बघत होते आणि मला सारखं वाटत होतं, हे माझ्या डब्यामुळे झालं. ती वेडी हसतेय, म्हणते चिमाबाईंनी हात सवच्या गरम झऱ्याच्या पाण्यात बुडवायला सांगितलाय. मला हसू येत नाहीये.

काका, माकडं डब्याचं फिरकीचं झाकण उघडत नाहीत. आणि समीक्षाला तुम्ही म्हणालात, "त्या दगडाकडे जाऊ नका, माधुरीला मी समजावतोय." काय समजावताय मला?

मला जे समजलंय ते सांगते. मी लग्न होऊन गेलेली मुलगी. बाबा होते तोवर त्यांचं घर, त्यांची वाट, त्यांचा दगड माझा होता. आता तुमच्या गावात एक वीतभर डबा ठेवायचा तरी मी कोण? तुम्ही स्पष्ट म्हणाला असतात तर एवढं लागलं नसतं. ऊन काय, माकडं काय, रेंज काय.

मी पानावरून तो डबा बंद केला आहे. आता कुणी येणार नाही. चिमटा किरणकडे द्या, तो पार्सल करेल. मी यायची गरज नाही.

माधुरी

———

करंजमाची, २३ मार्च

माधुरी,

तुझं पत्र काकूला वाचून दाखवलं नाही. तिने विचारलं तेव्हा म्हटलं, कामाचं आहे. मग टाकीकडे जाऊन बसलो आणि पुन्हा वाचलं. छापखान्यात मी आयुष्यभर दुसऱ्यांचे मजकूर जुळवले, माझा स्वतःचा काही जुळत नाही. तरी लिहितो. मधेच थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

समीक्षाच्या हाताचा दोष माझा आहे. त्या रस्त्याने माणसं जाऊन आपटताना दोनदा पाहिलं आणि तरी तिसऱ्यांदा तोच दाखवला. तिला सांग, तिच्या घरी येऊन हात जोडीन.

आता तो दगड. तो विसाव्याचा दगड आहे.

तुला कुणी सांगितलं नाही, कारण बायामाणसांना ते सांगायची वेळच येत नाही. आपल्याकडे कुणी गेलं की बाया वाडीच्या कडेपर्यंत येतात, तिथून मागे फिरतात. पुढे नदीपर्यंत फक्त पुरुष. निम्म्या वाटेत त्या दगडावर तिरडी टेकवायची, पुढच्यांनी मागे जायचं, मागच्यांनी पुढे, आणि पुन्हा उचलायची. म्हणून एरवी तिथे कोणी बसत नाही. घाईने पुढे जातात. वाडीतल्या प्रत्येकाला आम्ही तिथे टेकवलंय. दादालाही, तुझ्या बाबाला. पुढचा उजवा खांदा माझा होता. त्या वेळी काकूने आणि चिमाबाईने तुला कडेच्या चिंचेपाशी धरून ठेवलं होतं.

तुझं पहिलं पत्र वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. पोरगी लिहिते, इथे बाबा मला गोळी द्यायचे. तिला मी काय म्हणून लिहू की तिथेच आम्ही तुझ्या बाबाला ठेवला होता? म्हणून ऊन लिहिलं. मग माकडं लिहिली. एकदा खोटं लिहिलं की पुढचं आपोआप सुचतं.

बारा तारखेचं तुला अर्धंच सांगितलं होतं, कारण तेव्हा मीही अर्धंच सांगू शकत होतो. त्या दिवशी धोंडूभाऊंना नेत होतो. मुंबईची पोरं अजून वाटेत होती, खांद्याला आम्ही म्हातारेच. तुझं पत्र तोवर आलं नव्हतं, डब्याचं मला काही ठाऊक नव्हतं. जांभळीचं वळण यायच्या आधी खालून आवाज आला. टिक. टिक. माधुरी, तो आवाज मी कुठेही ओळखेन. दादा घरी आला की पोरांना हसवायला कानाशी चिमटा वाजवायचा. खांद्यावर धोंडूभाऊ, आणि विसाव्यावर दादा तिकिटं फाडतोय. मी वाटेतच थांबलो. मोरू मागून ओरडला, "काका, चाला की!"

वळणावर येऊन बघतो तर ती दोन पोरं दगडावर बसलेली, मध्ये डबा उघडा, एकाच्या हातात चिमटा. आम्हाला बघून ती ताडकन उठली. काय चाललंय ते कळायला त्यांना वेळ लागला नाही. डबा उचलून बाजूला झाली, टोप्या काढल्या. आम्ही धोंडूभाऊंना टेकवलं. खांदे बदलायची वेळ आली तेव्हा मोरूचा बाप म्हणाला, "माझ्यानं नाय हुनार आता." त्या दोघांतला एक पुढे आला, बूट काढले आणि म्हणाला, "मी घेतला तर चालेल का?" दुसराही आला. ती दोघं नदीपर्यंत अनवाणी आली, काटे टोचत होते तरी. मग सगळ्यांनी आंघोळी केल्या, आणि मग ओल्या कपड्यांनी त्यांची गाडी काढली. तू विचारलं होतंस ना, भर डिसेंबरात सगळे नदीवर कसे.

त्यांनी मला विचारलं, हा दगड काय आहे. मी सांगितलं. डब्यात तुझं नाव होतं, ते बघून हेही सांगितलं की तुझा बाप माझा भाऊ. आणि हात जोडून म्हटलं, हे तुमच्या मोबाईलात लिहू नका, माझ्या पोरीला हे तिथे वाचायला लागू नये. त्यांनी शब्द पाळला. म्हणून त्यांनी जास्त लिहिलं नाही, त्यांना कुणी काही बोललं नव्हतं.

गावाला तुझा डबा नको आहे असं वाटून घेऊ नकोस. चिमाबाईला मी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग काय झालं गो बाय! त्या डब्यापायी दोन पोरं आली नि माज्या दिराला खांदा भेटला. तिला लिव, म्हणावं ठेव हाय तिथंच." ती म्हणाली तरी माझं मन होईना. अडचण गावाची नव्हती, माझी होती. तुझ्या गोळीचा दगड मला तसाच ठेवायचा होता.

आता शेवटचं. तू सहासात वर्षांची असशील. मी सुटीवर आलो होतो, तुम्हाला घ्यायला खाली येत होतो, आणि दादाने तुला त्या दगडावर बसवलेली पाहिली. मी बाजूला घेऊन त्याला झापलं. "दादा, डोकं फिरलं का रं? पोरीला हितं बसवतात का?" तो काय म्हणाला ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. म्हणाला, "महिपत, उद्या मला हितंच टेकवनार ना रं तुमी? तवा ती कडंला थांबंल, तिला कोन पुढं येऊ देनार नाय. मग आजच बसूं दे मांडीला मांडी लावून. तिला ह्यो दगड गोळीचाच ठावं हाय, तसाच ऱ्हाऊं दे."

तसाच राहू दे म्हणाला होता. मी तेच करत होतो, पण मला ते नीट जमलं नाही.

डबा माझ्यापाशी आहे, चिमटा कोनाड्यात. किरणकडे देणार नाही. यायचं तर तू ये आणि घेऊन जा, नाहीतर तू सांगशील तिथे ठेवीन.

महिपत

———

चिंचवड, ५ एप्रिल

काका,

तुमचं पत्र मी दवाखान्यात जेवणाच्या सुटीत उघडलं. समीक्षाला वाटलं घरी काही झालंय. मी पत्र तिलाच दिलं, तिने ते प्लास्टरच्या हातात धरून वाचलं. आम्ही दोघींनी जेवणाचे डबे न उघडता तसेच परत नेले. तिच्या घरी यायची गरज नाही, ती म्हणते ताक पाजा म्हणजे फिटलं.

मी तुम्हाला जे लिहिलं ते परत घेते. खरं तर त्याचंच फार वाईट वाटतंय.

मला एक गोष्ट दोन वर्षं खात होती, ती तुम्हाला कधी सांगितली नाही. चिंचेपाशी मला धरून ठेवलं आणि तुम्ही सगळे बाबांना घेऊन वळणाआड गेलात. वाटायचं, माझ्या बापाला मी अर्ध्या वाटेपर्यंतही पोचवलं नाही, पुढे काय झालं, कुठे थांबले, मला काहीच माहीत नाही. आणि ते थांबले ती जागा जगात सगळ्यात जास्त माझ्या माहितीची होती. मला तिथवर नेऊन बसवायचं बाबांनी आधीच करून ठेवलं होतं. हे मला कळू न देता तुम्ही एकटे वागवत होतात, काका. आता नका वागवू.

पानावर डबा पुन्हा सुरू केला आहे. आकडे बदलले. आता ते ओढ्याच्या अलीकडचे आहेत, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय : 'गाडी इथेच ठेवा. पुढे मोबाईल रस्ता दाखवेल, तो रस्ता नाही. पायवाटेने वर या. डबा महिपत काकांच्या पडवीत आहे, त्यांना विचारा. वाटेत सपाट दगड लागेल, त्याच्यावर काही ठेवू नका. वरून कोणी तिरडी घेऊन येत असेल तर बाजूला व्हा, आणि लागलाच तर खांदा द्या.' त्या पहिल्या दोघांनी लगेच खाली नमस्कार टाकला.

२६ तारखेला, शनिवारी येते, तोवर हे पत्र पोचेल. गाडी नाही, एसटीने फाट्यावर उतरेन आणि चालत येईन. तुम्ही खाली ओढ्यापर्यंत येऊ नका, दगडापाशीच थांबा. येताना चिमटा खिशात घाला. पिशवी ओढ्यापासून तिथवर मी आणीन, तिथून वर तुम्ही घ्या.

पण त्याआधी मी त्या दगडावर बसणार आहे, गोळी संपेपर्यंत. तुमच्यासाठीही एक आणते. चिमाबाईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ओरडणार नाहीत.

तुमची,
माधुरी